येस, बठस, खास!

आधुनिक संगीत संपलेलं आहे, हे मी ते अजिबात न ऐकता सिद्ध केलं होतं.

नाशिकच्या मेनरोडवर माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर काढायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हा सिद्धांत ऐकवत असे. गिऱ्हाइकाच्या नाकावर तेव्हा तपासणीची जड चौकट असते, समोरचं धड काही दिसत नसतं, त्यामुळे त्याला उठून पळता येत नाही. (वक्त्याला असा श्रोता मिळायला पूर्वपुण्याई लागते!) "पूर्वी गाण्याला मुखडा असायचा, अंतरा असायचा," मी एक भिंग काढून दुसरं घालत म्हणे, "आता नुसता गोंगाट! आता कसं दिसतंय?" गिऱ्हाईक म्हणे, "आणखीनच धूसर." मी म्हणे, "बघा, पटलं ना!"

आमचं एक श्रोता मंडळ आहे. महिन्यातून एकदा कॉलेज रोडजवळच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही पंचवीस-तीस जण जमतो, जुनी गाणी लावतो, डोळे मिटतो, आणि ज्याचं घोरणं आधी सुरू होईल त्याला शेजारचा कोपरानं ढोसतो. अध्यक्ष अण्णा गायधनी. निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले ते शाळेतून, मुख्याध्यापकपणातून नव्हे.

नोव्हेंबरच्या बैठकीत अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "डिसेंबरात काहीतरी नवं करू या. वर्षातले आवडते अल्बम!"

"कुठल्या वर्षातले?" कुणीतरी विचारलं.

"याच."

मागून एक काका काळजीच्या सुरात म्हणाले, "याही वर्षी निघाले का?"

मी ताडकन उठलो. म्हटलं, "अण्णा, निघाले असतील, पण त्यांना संगीत म्हणायचं का? हल्ली अल्बम म्हणजे नेमकं काय, हे तरी कुणाला सांगता येईल का? तबकडी गेली, कॅसेट गेली, हातात धरायला काही उरलं नाही. हवेतून येतं आणि हवेत जातं!" बऱ्याच माना हलल्या. त्या माना बघून मला चेव आला आणि मी पुढची दहा-पंधरा मिनिटं आधुनिक संगीताचा अंत्यविधी यथासांग पार पाडला.

अण्णांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "वा! मग कुलथे, ठरलं. डिसेंबरातलं भाषण तुमचंच. विषय 'वर्षातले आवडते अल्बम आणि आजच्या संगीताची अवस्था'. फक्त एक करा. ऐकून बोला."

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "शोभा, मला अल्बम ऐकायचेत."

"अल्बम बघायचे असतात," ती कणीक मळत म्हणाली. "आपल्या लग्नाचा माळ्यावर आहे. पण त्यात तुमचे डोळे मिटलेले आहेत. सगळ्या फोटोंत."

आमची मुलगी सई कुठल्याशा कंपनीचं काम घरूनच करते. म्हणजे दिवसभर कानात बोंडं घालून एका पडद्याकडे बघत हसते, त्याचा तिला पगार मिळतो. तिला माझी अडचण सांगितली तेव्हा तिचे डोळे चमकले. तिनं स्वतःची जुनी कानबोंडं माझ्या कानात बसवली, फोनमध्ये काहीबाही दाबलं आणि म्हणाली, "बाबा, एकच अट. गाणं संपल्याशिवाय मत द्यायचं नाही."

"आणि ते संपलं हे कसं कळणार? त्याला अंतराच नसतो."

"बंद पडलं की संपलं."

पहिल्या अल्बममध्ये एक मुलगी इतक्या हळू आवाजात गात होती, की घरात कुणी आजारी माणूस नुकतंच डोळा लागून झोपलेलं असावं आणि त्याची झोपमोड होऊ नये म्हणून ती जपत असावी, असं मला वाटलं. मीही नकळत पाय न वाजवता चालायला लागलो. दुसऱ्या अल्बममध्ये गाण्यामागे सतत भजी तळल्यासारखा चुरचुर आवाज येत होता. बोंडं खराब झाली म्हणून मी ती दुकानात नेऊन भिंगं पुसायच्या पाण्यानं स्वच्छ केली. तरी चुरचुर जाईना. सई म्हणाली, "अहो बाबा, ती मुद्दाम घातलेली असते! जुन्या तबकडीसारखं वाटावं म्हणून." मी थक्क झालो. ती चुरचुर जावी म्हणून आमच्या पिढीनं किती सुया बदलल्या, आणि ही पोरं ती विकत घेतात!

पण खोटं कशाला सांगू? चारआठ दिवसांत मला त्या प्रकरणाचं कुतूहल वाटायला लागलं. हा आवाज कशाचा? हे गाणं इथंच का थांबलं? हा माणूस गातोय की तक्रार नोंदवतोय? मी सईच्या मागे मागे फिरून विचारी आणि ती लॅपटॉपवरची मान न उचलता उत्तरं देई.

"अंतरा का नाही गं?"

"सांगून झालं की थांबतात, बाबा. तुम्हाला त्याची सवय नाही, म्हणून नवल वाटतं."

आणि मग एका सकाळी तिनं मला तो अल्बम लावून दिला. नाव 'चाळीतला कांदा'. (कांदा साठवायची चाळ, माणसांची नव्हे.) कलाकाराचं नाव नुसतं 'ढेकूळ'.

"हे कसलं नाव? कोण आहे हा?"

"ऐकून झाल्यावर सांगते. आधी सांगितलं तर तुम्ही नीट ऐकणार नाही."

"अजिबात सांगू नकोस," मी हात वर करून म्हणालो. "कलाकृतीकडे कलाकाराचं नाव पुसून बघावं." (हे वाक्य मला त्याच क्षणी सुचलं होतं आणि मला ते फार आवडलं.)

काय सांगू तुम्हाला! त्या अल्बमात ढोल नव्हता, तबला नव्हता. गोणी ट्रकात टाकल्याचा धप्प आवाज होता आणि तोच ठेका होता. ट्रॅक्टरची धडधड होती. बाजार समितीतल्या लिलावाची बोली होती आणि ती चक्क सुरात होती! आणि तिसऱ्या गाण्यात, त्या धपधपाटातून, एका म्हातारीचा आवाज उसळून वर आला.

"जवाई मन्हा... येस, बठस, खास!
येस, बठस, खास!
वर म्हनस, मीठ कमी शे!"

पुन्हा पुन्हा तेच. अहाहा! त्या आवाजात धार होती, वेदना होती, ठसका होता. भाषा अहिराणी आहे इतकं मला कळलं. सटाणा, मालेगावकडे बोलतात ती. माझी सासुरवाडीच सटाण्याची, त्यामुळे ही भाषा मी पंचवीस-सव्वीस वर्षं ऐकत आलो होतो. म्हणजे, भिंतीपलीकडून. माझ्या सासूबाई आणि शोभा स्वयंपाकघरात अहिराणीत भरधाव बोलत असायच्या आणि मी दारात पाऊल टाकलं की खटका दाबल्यासारख्या बंद व्हायच्या. मग सासूबाई डोक्यावरचा पदर पुढे ओढून, शाळेच्या पुस्तकातल्या मराठीत, जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात विचारायच्या, "जेवलात का जावईबापू?" लग्नापासून त्या माझ्याशी एवढंच बोलल्या होत्या. फार मितभाषी बाई, असं मी सगळ्यांना कौतुकानं सांगायचो.

तर मी त्या गाण्याचा अर्थ लावायला बसलो. 'जवाई' म्हणजे उघडच 'जव आई'. जेव्हा आई! आई म्हणजे गडावरची देवी, आणखी कोण? 'मन्हा' म्हणजे मनात. जेव्हा आई मनात येते... 'येस'! आजच्या पिढीनं दिलेला होकार! इंग्रजी शब्द किती सहज घेतलाय बघा. 'बठस', म्हणजे ती मनात ठाण मांडते. आणि मग सारं काही 'खास' होतं! माझ्या अंगावर काटा आला. राहता राहिलं मीठ. तेही सुटलं. मीठ म्हणजे लवण, आणि लवणावरूनच लावण्य! 'मीठ कमी शे', म्हणजे आजच्या जगातलं लावण्य कमी झालंय. देवी मनात बसल्यावर भक्ताला जगाचं हे उणेपण जाणवतं! मला वाटतं, एवढ्या अर्थाची त्या गाण्याला स्वतःलाही कल्पना नसावी.

सईला मी हा अर्थ सांगितला. तिनं लॅपटॉपवरची मान उचलली.

"बाबा, एकदा आईला विचारा ना याचा अर्थ."

"रसग्रहण असं चारचौघांना विचारून करतात होय?"

"बाबा, मला तुम्हाला त्या कलाकाराबद्दल..."

"नाव नको!"

"अहो पण ती म्हातारी..."

"तीही नको! ती आता एक व्यक्ती राहिलेली नाही, सई. तो एक आदिम स्वर आहे."

सई लॅपटॉपकडे वळली. "ठीक आहे," ती म्हणाली. "मी प्रयत्न केला होता, हे लक्षात ठेवा."

मी दुकानातही तेच गाणं ऐकू लागलो. एकदा फोन कानातल्या बोंडांऐवजी दुकानातल्या स्पीकरला जोडला गेला आणि एक गृहस्थ समोरच्या तक्त्यावरची अक्षरं त्या ठेक्यावर वाचायला लागले. "क, म, ट! प, र, ग!" मग मध्येच थांबून म्हणाले, "कुलथे, या आजींचं भांडण कुणाशी चाललंय हो?"

"भांडण नाही ते," मी म्हणालो. "ती आर्त हाक आहे."

"असेल बुवा. आमच्या आत्याची हाक अशीच असायची. तिचे यजमान घर सोडून गेले."

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी सासूबाई सटाण्याहून गुडघे दाखवायला नाशिकला आल्या. मी मोठ्या मनानं म्हटलं, "शोभा, माईंनाही घेऊन चल माझ्या भाषणाला. त्यांच्याकडच्या भाषेतलंच गाणं आहे. त्यांना बरं वाटेल." शोभाला मी ते गाणं मुद्दामच ऐकवलं नव्हतं. घरच्यांना एकदम व्यासपीठावरून गार करायचं, असा माझा बेत होता. सासूबाई पदराआडून हळूच म्हणाल्या, "येईन की. जेवलात का जावईबापू?"

हॉल गच्च भरला होता. आधुनिक संगीताचा मी काय समाचार घेतो हे बघायला लोक घरच्यांनाही घेऊन आले होते. अण्णांनी प्रमुख पाहुणे म्हणून देवरे वकिलांना बोलावलं होतं. हे मूळचे सटाण्याकडचे, आता नाशिकला वकिली करतात, हे अण्णांनी ओळख करून देताना सांगितलं आणि माझी छाती आणखी फुगली. जाणकार श्रोता! पहिल्या रांगेत मानाच्या खुर्चीवर सासूबाई, त्यांच्याशेजारी शोभा. सई सगळ्यात मागे, दाराजवळ. (पळायला सोपं जावं म्हणून, हे मला नंतर कळलं.)

सुरुवात मी झोकात केली. म्हणालो, "मित्रहो, मी चुकत होतो." हॉल दचकला. हे वाक्य माझ्या तोंडून कुणी ऐकलेलं नव्हतं. मग मी कुजबुजणाऱ्या मुलीबद्दल बोललो, भज्यांच्या चुरचुरीबद्दल बोललो. लोक हसत होते, ऐकत होते. काही जण तर पुढे सरकून बसले. आणि मग मी आवाज खाली आणला. "आता ऐका या वर्षातला माझा सर्वांत आवडता अल्बम." फोन हॉलच्या मोठ्या स्पीकरला जोडलेला होता. मी बटण दाबलं.

धप्प! धप्प! "जवाई मन्हा... येस, बठस, खास!"

शोभानं झटकन मान वर केली.

मी डोळे मिटून ठेका धरला. मध्येच किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं, तर देवरे वकिलांनी रुमाल तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे गदगदा हलत होते. गहिवरले बिचारे! मातीचा आवाज असतो तो असा! शोभा मला दोन्ही हातांनी खूण करत होती. तळवे वरखाली, वरखाली. मला वाटलं, आवाज वाढवा म्हणते. मी वाढवला. सासूबाईंच्या डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत आला होता. त्याही भारावल्या होत्या.

आवाज थोडा कमी करून मी अर्थ सांगायला घेतला. "जव, आई! मनात!" मी म्हणालो. "केवढी आर्तता! येस! केवढा हा होकार! सटाण्याच्या एका अनाम माउलीनं विश्वाला दिलेला हा होकार!"

वकिलांच्या रुमालातून कुईं असा आवाज आला.

"आणि मीठ! मित्रहो, हे मीठ आमटीतलं नव्हे!"

"आमटीतलंच आहे!" शोभा न राहवून ओरडली.

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मोठ्या वक्त्यांच्या बायका असंच करतात. गाणं एव्हाना संपलं होतं. निदान मी तरी तसं समजत होतो. घरी ऐकताना ठेका थांबून शांत झालं की मी लगेच पुन्हा पहिल्यापासून लावत असे. पण हल्लीच्या अल्बमांत गाणं थांबल्यावर थोडी शांतता ठेवून मागून हळूच आणखी काही सोडतात, ही गंमत मला कुणी सांगितली नव्हती. (सई म्हणते, सांगणार होते.) मी टाळ्यांसाठी थांबलो. हॉल टाचणी पडली तरी ऐकू येईल असा शांत. आणि त्या शांततेत, ठेका नाही, ट्रॅक्टर नाही, स्वच्छ, खणखणीत आवाज स्पीकरमधून आला.

"नाशिकना चष्मावाला! सारा जगले चष्मा देस, नि सोतानं खरकटं ताट काही त्याले दिसत नही!"

आणि त्यामागून दोन बायकांच्या हसण्याचा आवाज. त्यातला एक शोभाचा होता. सव्वीस वर्षांच्या संसारात तेवढा मी ओळखला.

अख्ख्या हॉलची नजर माझ्यावर, मग पहिल्या रांगेवर, मग पुन्हा माझ्यावर. देवरे वकिलांनी रुमाल सोडला आणि ते मोकळेपणानं, मांडीवर थापा मारत हसले. "कुलथे," डोळे पुसत ते म्हणाले, "अहो, जवाई म्हणजे जावई! मन्हा म्हणजे माझा! येस म्हणजे येतो, बठस म्हणजे बसतो, खास म्हणजे खातो! माझा जावई येतो, बसतो, खातो, आणि वर म्हणतो, मीठ कमी आहे!"

हॉल फुटला! मागच्या खुर्च्यांवरचे काका, ज्यांना मी कधी जागं पाहिलं नव्हतं, ते उभे राहून टाळ्या पिटत होते. अण्णा गायधनींचा चष्मा हसता हसता खाली पडला. (मीच दिलेला होता.) मी माइक धरून उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोंघावत होता. हा ढेकूळ आहे तरी कोण?

"पंकज!" शोभा दात-ओठ खात म्हणाली. पंकज म्हणजे तिच्या भावाचा मुलगा. मागे त्यानं मला सांगितलं होतं, "मामा, मी अल्बम करतोय." (आत्याचा नवरा तो मामा, अशी त्यांच्याकडे पद्धत.) मी म्हटलं होतं, "आधी इंजिनिअरिंग पूर्ण कर, अल्बम लग्नात आपोआप होतो." त्यानं गेल्या दिवाळीत सासूबाई आणि शोभा शेव पाडत बसल्या असताना फोन तिथंच सुरू ठेवला होता. त्या दोघींना पत्ताच नव्हता.

आता हसण्याचा जोर ओसरला आणि लोकांच्या लक्षात आलं, की पहिल्या रांगेतल्या आजी मान खाली घालून बसल्यात. माझ्याही लक्षात आलं. मी इतका वेळ स्वतःचीच फजिती मोजत होतो. सासूबाईंचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. जावयाच्या गावात, जावयाच्या समारंभात, शंभरेक माणसांसमोर! त्यांच्या दृष्टीनं यापेक्षा वाईट काही घडूच शकत नव्हतं. मी माइक ठेवून खाली उतरायला लागलो, तर त्याच उठल्या. गुडघ्यावर हात ठेवत माझ्याकडे आल्या. मला वाटलं, पाया पडतात की काय! मी घाईघाईनं वाकलो, त्याही वाकल्या, आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली.

तो आवाज माइकमध्ये चांगला मोठा आला.

"जावईबापू," त्या कळवळून म्हणाल्या, पुस्तकातल्या मराठीत, "ते मी स्वयंपाकघरात बोलले होते हो. घरातल्या घरात."

"माई, ते गाणं खरंच मला आवडलं," मी म्हणालो. आणि ते खरं होतं. कपाळ चोळताना मला विलक्षण कुतूहल वाटत होतं, की ही बाई इतकी वर्षं होती कुठं? जो आवाज मी पंधरा दिवस डोळे मिटून ऐकत होतो, तो माझ्याच घरी दर सणाला येऊन, भिंतीपलीकडे बसून जात होता!

त्यांनी पदर जरासा मागे सारला. "तुम्ही तो अर्थ सांगितला ना, आई मनात येते तो," त्या म्हणाल्या, "तो फार चांगला होता. तोच ठेवा. माझा बाजूला राहू द्या."

मला भरून आलं. पण जित्याची खोड! मी विचारलंच, "माई, पण त्या दिवशी मीठ खरंच कमी होतं ना?"

सासूबाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. आणि लग्नानंतर पहिल्यांदा त्या माझ्याशी, मोठ्यांदा, त्यांच्या भाषेत बोलल्या.

"कमीच व्हतं! पन सांगस का कोन्ही?"

माइक सुरूच होता. देवरे वकील खुर्चीवरून खाली घसरले.

अण्णांनी समारोप करताना जाहीर केलं, की आजच्या संगीताची अवस्था उत्तम आहे, श्रोत्यांची तपासावी लागेल. मंडळानं 'चाळीतला कांदा' हा वर्षाचा अल्बम म्हणून टाळ्यांच्या गजरात निवडला आणि सासूबाईंना शाल दिली. ती शाल मूळ माझ्यासाठी आणलेली होती. घरी जाताना रिक्षात शोभा सासूबाईंची आणि माझी आळीपाळीनं समजूत काढत होती आणि मधूनच बाहेर तोंड वळवून हसत होती. पंकजला मी फोन लावला. म्हटलं, चांगलं फैलावर घेऊ. तो म्हणाला, "मामा, सॉरी! पण तुमचं ते देवीवालं भाषण कुणी रेकॉर्ड केलं का? दुसऱ्या अल्बमला पाहिजे होतं." मी संतापून म्हणालो, "हे बघ पंकज..." आणि मग राहवेना म्हणून विचारलं, "तो लिलावाचा आवाज तू सुरात कसा बसवलास रे?" मग आम्ही घर येईपर्यंत तेच बोलत होतो.

दुसऱ्या दिवसापासून मेनरोडवर माझं नाव बदललं. समोरचा भांडीवाला मला बघून ओरडतो, "काय शेठ, येस?" पलीकडचा चपलांचा दुकानदार म्हणतो, "बठस!" आणि चहावाला कप ठेवताना, "खास!" माझी हरकत नाही. गिऱ्हाईक वाढलंय.

सासूबाईंचे गुडघे बरे झाले, तरी त्यांना शोभानं महिनाभर ठेवून घेतलं. आणि त्या आता माझ्याशी बोलतात! तेही पुस्तकातलं मराठी सोडून, सरळ अहिराणीत, लिलावाच्या वेगानं. मला आधी दहातला एक शब्द कळायचा. पण आता कानाला वळण लागलंय, आणि कुतूहल गप्प बसू देत नाही. दुकानातून आलो की मी ताट उचलून घासायच्या भांड्यांत ठेवतो आणि त्या दोघींच्या गप्पा ऐकत ओट्यापाशी उभा राहतो. हा शब्द कुठला, तो कसा आला, असं विचारत राहतो.

परवा दुपारी त्या दोघी माझ्या थोरल्या बहिणीबद्दल काहीतरी बोलत होत्या. रंगात आल्या होत्या. मी दारातून आत डोकावून, शिकलेली सगळी अहिराणी पणाला लावून म्हणालो, "काय माय, मन्ही बहीणनी गोट चालू शे का?"

खटका दाबल्यासारख्या दोघी बंद. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग शोभाकडे पाहिलं, आणि मोठा सुस्कारा सोडून म्हणाल्या, "याले काही समजे नही, तवयच बरं व्हतं!"

आणि सांगायला अभिमान वाटतो, की यातल्या एकाही शब्दाचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.